गलोंड्याच्या गेटवरची बदली

नाशिकहून सिल्वासाला जायचं म्हणजे एसटी सांगेल तेव्हा उतरायचं आणि सांगेल तेव्हा ढकलायचं. एकोणनव्वदच्या मे महिन्यात खानवेलच्या अलीकडे टायर फुटला आणि स्टेपनीही फुटकीच निघाली. सिल्वासातल्या आमलीला ताईच्या दारात पोचलो तेव्हा माझं डोकं पार फिरलं होतं. तिने नागलीची भाकरी अन् बोंबलाची चटणी वाढली म्हणून जरा निवळलो.

दुसऱ्या दिवशी दाजींबरोबर गलोंड्याला गेलो. दाजी तिथल्या सुताच्या कारखान्यात सुपरवायझर. गेटवर एक नेपाळी पहारेकरी होता. सगळे त्याला बहादूर म्हणत, खरं नाव दाजींनाही ठाऊक नव्हतं. गावाहून पत्र आलं होतं, आईच्या पोटात पाणी झालंय, ये. ट्रंक तीन आठवडे बांधलेली होती, पण हा जागचा हलत नव्हता. त्यांची रीतच तशी. गेटची जागा गावाबाहेर जाऊ द्यायची नाही, गावचा बदली आला की मगच निघायचं. बदली म्हणून मेहुणा यायचा होता, आणि आपल्या सरकारने नेपाळच्या वाटा अडवलेल्या. तिकडे रॉकेल नाही, डिझेल नाही, गाड्या जागच्या जागी उभ्या.

मी मास्तर माणूस, गप्प कसला बसतोय! तुमच्या राजाने चीनकडून शस्त्रं घेतली, मग दिल्ली काय ओवाळणार होती का, असं त्याला सुनावलं.

"राजा के घर में तो चूल्हा जलता होगा, साब," तो म्हणाला.

ते खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडलो. अरे शहाण्या, दाजी इथल्या अथाल गावचा कोणी बसवतील, तू नीघ! तो नुसती मान हलवी. त्या पगारावर गावची पाच घरं जगत होती, एकदा परका बसला की गेट गेलं. शेवटी मी दाजींच्या मागे लागलो. मालकाला गाठून त्यांनी शब्द आणला की जागा याचीच राहील. त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या सकाळी मी परत निघालो, एसटी नको म्हणून वापीहून रेल्वेने. वापीपर्यंत तो माझ्याबरोबर येणार होता. त्याने ट्रंक उचलली आणि समोरून पांढऱ्या कपड्यातला, डोकं भादरलेला माणूस आला. बहादूरचा धाकटा भाऊ, मेहुण्याच्या जागी आलेला. घरी आई अन् बाप दोघंही होते, गेलं कोण ते कपड्यांवरून कळेना. कॅन्टीनचा चहा आला, भावाने ग्लास बाजूला सारला. मी मूर्ख, लांबून आलास, घे की म्हणून आग्रह करत बसलो.

बहादूर ट्रंकेवर बसला. "उसको दूध मत दो, साब. हमारा माँ गया."

त्यांच्यात आई गेली की वर्षभर दूध वर्ज्य.

भावाने मग सांगितलं. जीपला डिझेल मिळेना, म्हणून आईला डोकोत (पाठीवरच्या बांबूच्या टोपलीत) बसवून पाळीपाळीने वाहिलं. दवाखाना दोन डोंगर पलीकडे. दुसऱ्या दिवशी ती वाटेतच गेली.

घरी आता बाप एकटाच, म्हणून भावाला गेटवर बसवून बहादूर निघालाच. वापीला त्याची ट्रंक मीच गाडीत चढवून दिली.

जूनमध्ये नाशिकला शाळा उघडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे खूश होते, दिल्लीने नेपाळला चांगला धडा शिकवला म्हणे. माझं डोकंच उठलं. कोणाला शिकवला? राजा राजवाड्यात, आपण आपल्या घरात. धडा मिळाला तो एका म्हातारीला, टोपलीत बसून.