खालच्या ओळीत न बसणारा फोटो

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या मराठवाड्यात दूध नासलं तरी भानामती म्हणायची पद्धत. असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरायचं. मशीन कधी चुकत नाही, चुकतो तो माणूस, हे मी क्लासमधल्या पोरांना रोज ऐकवायचे. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलेच असते.

नवं शतक लागलं त्याच्या आसपासची गोष्ट. बीडच्या मोंढ्यात एका आडतीच्या वर माझी खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, आणि 'वेबसाइट करून मिळेल' अशी पाटी. खालून दिवसभर हमालांचा आरडाओरडा आणि मिरच्यांचा ठसका. वेबसाइट म्हणजे काय असतं, हे विचारायलाच लोक जास्त यायचे.

तेलगावचे विश्वनाथअप्पा मात्र खरंच काम घेऊन आले. किराण्याचे मोठे व्यापारी, वडिलांच्या ओळखीचे. मुलगा संतोष अमेरिकेत नोकरीला, लग्न इकडे. तिकडच्या मित्रांना दाखवायला त्याला लग्नपत्रिकेचं वेब पेज हवं होतं. वरच्या ओळीत निमंत्रकांचे फोटो, खालच्या ओळीत घरातल्या गेलेल्या माणसांचे. घर लिंगायताचं, म्हणून गेलेल्यांच्या नावाआधी 'लिंगैक्य' लिहायचं.

"छापायची पत्रिका बी ह्याच्यावरूनच करायची हाय. नीट कर," अप्पा म्हणाले.

खालच्या ओळीसाठी त्यांनी तीन फोटो दिले. आई, वडील, आणि धाकटे भाऊ काशिनाथ. मी थबकलेच. काशिनाथकाका घरात भांडून निघून गेलेत आणि परत आले नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. गेले म्हणजे... वारले असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

"अप्पा, पण ते तर..."

"किती वर्सं वाट बघायची, सांग. मुलीकडचे इचारायलेत, गौरा सवाष्ण हाय का न्हाई, एकदाचं कळू द्या."

गौराकाकू म्हणजे काशिनाथकाकांची बायको. संतोषला खरं तर तिनेच वाढवलं. लोक काहीही बोलोत, ती रोज ठसठशीत कुंकू लावायची. लग्नाची हळद दळायला जात्यावर सवाष्णी बसतात. संतोषच्या हळदीला बसायचं, एवढंच तिने मनात धरलं होतं. नवऱ्याच्या नावाआधी तो एक शब्द छापला की संपलं सगळं. मला ते आवडलं नाही. पण गिऱ्हाईक आलेलं, मी तोंड मिटून काम घेतलं.

तेव्हा सगळे लोक पेजची मांडणी टेबलवर, म्हणजे आखलेल्या खणांत करायचे. मला स्टाइलशीटचा भारी नाद. कोणता चौकोन कुठे, किती रुंद, डावीकडे की उजवीकडे, सगळं एका जागी लिहून ठेवायचं. मराठी फॉन्टची बोंब, म्हणून नावंसुद्धा चित्रं करूनच टाकायची. विंडोजबरोबर येणाऱ्या निळ्या 'ई'च्या ब्राउझरमध्ये पेज अगदी झकास दिसलं. पण संतोषच्या ऑफिसात तो दुसरा, 'एन' अक्षराचा ब्राउझर. मी त्यात पेज उघडलं...

काशिनाथकाकांचा फोटो वरच्या ओळीत होता. गौराकाकूच्या शेजारी जी मोकळी जागा होती, बरोबर तिथे.

मला आश्चर्य वाटलं नाही, रागच आला. तो ब्राउझर स्टाइलशीटचं निम्मं ऐकायचा आणि निम्मं मनाने करायचा. एकात बसवलं की दुसऱ्यात मोडायचं, हे तर रोजचंच रडगाणं. मी रुंदी कमी केली. ओळ तोडली. प्रत्येक चौकोनाला लाल किनार लावून कोण कुणाला ढकलतंय ते पाहिलं. कुणीच कुणाला ढकलत नव्हतं. आई-वडील खाली मुकाट बसलेले, आणि हे एकटे वर.

मग मी फोटो बदलून बघितला. त्या जागी माझा स्वतःचा फोटो टाकला, तो गुपचूप खाली राहिला. काकांचा टाकला की वर. फाइलचं नाव बदललं, कॅशे साफ केली, फोटो पुन्हा स्कॅन केला. तरी वर. आणि नाव मात्र खालीच, रिकाम्या चौकोनाखाली 'लिंगैक्य काशिनाथ'. चार-पाच दिवस मी हेच करत होते. शेवटी शेवटी मी चिडून फोटोला शिव्या द्यायला लागले होते... बस ना बाबा खाली एकदाचा!

मग एका दुपारी अप्पा आले. घरचे सगळे बस्त्यासाठी बीडला आले होते, कापडाच्या दुकानात गर्दी बसलेली. तिथून उठून गौराकाकूही त्यांच्यामागे जिना चढून आली. आपल्याबद्दल काय लिहिलंय, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं.

मला निळ्या 'ई'मध्ये दाखवून मोकळं होता आलं असतं. पण पडद्यावर 'एन'वालाच उघडा होता. काकू पुढे झाली. स्वतःच्या फोटोशेजारी नवऱ्याचा फोटो बघून तिने पदर तोंडाला लावला.

"हे काय लावलंय?" अप्पांचा आवाज चढला. "खाली घे त्याला."

"घेतेय अप्पा, तो येतच नाही."

"कावून येत न्हाई? मशीन तुझं हाय का त्याचं?"

मलाही चेव आला. त्यांच्या देखत मी स्टाइलशीट उडवली आणि साधं टेबल केलं. टेबलमध्ये खण म्हणजे खण. वरच्या खणातलं वर, खालच्यातलं खाली, त्यात ब्राउझरला अक्कल चालवायला जागाच नसते. काकांचा फोटो खालच्या खणात टाकला आणि पेज पुन्हा उघडलं.

आई-वडिलांचे फोटो आले. मग अप्पांचा. मग काकूचा. काकांचा खण रिकामा राहिला... आणि फोटो वरच्या ओळीत, काकूच्या शेजारी हळूहळू उमटायला लागला. आधी कपाळ, मग डोळे. खरं सांगते, तेव्हा मी घाबरले.

अप्पा मटकन खुर्चीत बसले.

"गडावर हाय तो," ते म्हणाले. "नारायणगडाला. जत्रेत दिसला मला. पंगतीत वाढत व्हता. त्यानं बी बघितलं... म्या तोंड फिरवलं. आला असता तर दुकान मोडून वाटे करावे लागले असते."

काकू रडेल, ओरडेल असं मला वाटलं. तिने फक्त पदर खोचला.

"जीप काढा, भावजी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू बी चल पोरी. ह्यांच्यासंगं एकली गेले तर हे पुन्यांदा तोंड फिरवतील."

गड म्हणजे देवस्थान, बीडहून काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपता संपत नव्हता. काका भटारखान्यामागे तांदूळ निवडत बसले होते. दाढी वाढलेली, अंगाने वाळलेले. काकू समोर जाऊन बसली आणि तीही तांदूळ निवडायला लागली. मग कधीतरी म्हणाली, "पत्रिकेत तुमाला लिंगैक्य लिव्हायलेत."

काकांनी मान वर केली. "तरीच," ते म्हणाले. "चार-पाच दिस झाले, आडवा झालो की कुनी तरी छातीवर हात ठिवून खाली दाबायलंय. म्या उठून बसतो, की पुन्हा दाबतंय. बाईचा हात हाय. काचंच्या बांगड्या वाजत्यात."

माझ्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. मी हात पाठीमागे घेतला.

लग्नाला काका आले. घरी राहायला आले नाहीत, मांडवात एका कडेला बसले आणि जेवून गडावर परत गेले. काकू हळदीला जात्यावर बसली, सगळ्यांत पुढे. अप्पांनी स्वतः तिला पाट दिला.

त्यानंतर मी शेकड्याने पेजेस केली. ब्राउझर आले, गेले, मांडणी मोडायची सगळी कारणं मला आज तोंडपाठ आहेत. त्यातलं एकही इथे लागू पडत नाही. जाणत्या लोकांना विचारून झालं, ते म्हणतात, तुझंच काहीतरी चुकलं असेल. असेल बाबा. पण तेव्हापासून कुणाचाही फोटो हलवायचा असला की मी बांगड्या आधी काढून ठेवते, आणि माणूस जिवंत आहे ना, ते विचारून घेते.