दोन तास मीच बोललो

मंडळी, आज फार थकलोय, तरी आपल्या ईमेल-गटाला हे सांगावंसं वाटलं.

इंटरनॅशनल शाळांच्या नव्या मुख्याध्यापकांना अनुभवी माणसाची सोबत मिळावी, असा उपक्रम आम्ही वाशीत उभा करतोय. आज पहिलीच भेट होती, नेरुळच्या एका बाईंशी. मार्गदर्शक मीच.

दोन तास मी बोललो. बाई वहीत उतरवून घेत राहिल्या.

निघताना म्हणाल्या, "सर, राजीनामा लिहून आणलाय. देऊ की नको, तेच विचारायचं होतं."

"अहो, मग मघाशी बोलायचं ना."

"मोठ्या माणसाला मध्येच कसं थांबवणार, सर?"

त्यांना पालकसभेला पोचायचं होतं. त्या गेल्या.

देवापुढे रोज अर्धा तास मुकाट बसणारा मी, माणसापुढे तेवढंही बसलो नाही. उद्या सकाळीच नेरुळला जातोय, फक्त ऐकायला. तोवर त्यांनी तो कागद दिला नसेल ना?