आधी फोन करणारी कमिशनर

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी घरासमोर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते, तेवढ्यात सुहासचा फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता तो म्हणाला, "अनघा, वृषाली गेली गं." चहा करता करता ओट्याशीच कोसळली. स्ट्रोक. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा गॅसवरचं आधण अजून उकळत होतं... मी तशीच थंडीत उभी राहिले. दुपारी तिच्या जुन्या ऑफिसचं निवेदन आलं, 'बदलाच्या कठीण काळात आम्हाला धीरानं पुढे नेणाऱ्या दूरदर्शी नेत्या' असं काहीबाही. खाली सही केव्हिनची. तिला बाजूला सारून जो तिच्या खुर्चीवर बसला, तो केव्हिन. ते निवेदन मी दोनदा वाचलं. त्यात खोटं असं एकही वाक्य नव्हतं, आणि खरंही एक नव्हतं. दीड महिन्यानंतर मी हे लिहायला बसलेय, ते बरंचसं त्या निवेदनामुळे.

आमची ओळख तीसेक वर्षांपूर्वीची, इथल्या, अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या सिटी बसमधली. मी पुण्याची, ती नागपूरची. सुहास विद्यापीठात रिसर्च करायचा आणि ती त्याची बायको म्हणून आलेली. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नागपूर विद्यापीठाकडून खो-खो खेळलेली मुलगी, घरात बसणं तिला जमेना. म्हणून जवळच्या कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉलच्या मॅचला स्कोअर लिहायला फुकट जायला लागली. एकदा सरावानंतर तिनं त्या उंच उंच अमेरिकन मुलींना जिममध्ये एकीआड एक उलटसुलट तोंडं करून ओळीत बसवलं आणि खो-खो शिकवला. कोच हसून हसून बेजार. पुढे ग्रीन कार्ड आलं, स्पोर्ट्स मॅनेजमेंटची डिग्री झाली, आणि दहा कॉलेजांच्या एका कॉन्फरन्समध्ये मॅचेसचं वेळापत्रक बनवायची नोकरी लागली. तिथेच वर चढत चढत ती एक दिवस कमिशनर झाली. नागपूरहून आईनं फोनवर विचारलं, "कमिशनर म्हणजे पोलिसात गेलीस का गं?" तेव्हा तिनं समजावलं होतं ते मला आठवतं. दहा कॉलेजं मिळून आपापसात खेळतात, टीव्हीवाल्यांशी एकत्र करार करतात, त्या संघटनेला कॉन्फरन्स म्हणायचं. आणि ती चालवते ती कमिशनर. पण तिला नेमणारे त्याच दहा कॉलेजांचे प्रमुख, म्हणजे प्रेसिडेंट, आणि काढणारेही तेच. "म्हणजे बघ आई, ज्यांना वळण लावायचं तेच माझे मालक," ती म्हणाली होती. आई म्हणाली, "मग ते संसारासारखंच झालं."

ती त्या खुर्चीवर आली आणि पायाखालची जमीनच हलायला लागली. खेळाडूंना पैसे द्यायची मुभा मिळाली, मनात येईल तेव्हा कॉलेज बदलायची मोकळीक मिळाली, टीव्हीच्या करारांपायी मोठ्या कॉन्फरन्सेस लहानांना गिळायला लागल्या. कोणी कमिशनर हे सगळं थांबवायला कोर्टात गेले. कोणी आधी निर्णय जाहीर करून मोकळे झाले आणि कारणं नंतर शोधली. वृषाली गाडी काढून निघाली. दहाही कॉलेजांत जायचं, दोन दोन दिवस राहायचं आणि जो भेटेल त्याला विचारायचं, अशी तिची पद्धत. एकदा सोबत म्हणून मीही गेले होते. प्रेसिडेंटबरोबर तासभर बसून झाल्यावर ती मला घेऊन थेट खालच्या लाँड्रीत गेली. तिथे युनिफॉर्म धुणारी एक कृष्णवर्णीय आजी होती. ती म्हणाली, मुली लांब विमानानं खेळायला गेल्या की सोमवारी सकाळी परत येतात, तशाच झोपेत वर्गात जातात. वृषाली वहीत लिहीत होती. मी कंटाळून म्हटलं, "यार वृषाली, तू कमिशनर आहेस, लाँड्रीत काय करतेयस?" वही मिटत ती म्हणाली, "बदल वरच्या केबिनमध्ये ठरतो, पण येऊन पडतो इथे. कुणावर पडणारे ते आधी बघायला नको?" मी आयुष्यभर एचआरमध्ये काम केलंय. कंपन्यांमधल्या बदलांची किती प्रेझेंटेशन्स मी स्वतः बनवलीत. त्यातल्या एकातही लाँड्री नव्हती.

पण तिला लोक ओळखता यायचे नाहीत, हेही मला लिहिलं पाहिजे. शेजारच्या मोठ्या कॉन्फरन्सचा कमिशनर ग्रेग हा तिचा वीस वर्षांचा मित्र. वृषालीच्या हातची साबुदाण्याची खिचडी त्याला इतकी आवडायची की चतुर्थी कधी आहे ते तो टेक्स्ट करून विचारायचा. त्याच्या कॉन्फरन्समधली दोन बडी कॉलेजं फुटून निघाली, तेव्हा तो असाच एका रविवारी तिच्या स्वयंपाकघरात बसला होता. मी समोरच होते. प्लेट पुढे सरकवत तो म्हणाला, "व्ही, काहीही झालं तरी तुझ्या कॉलेजांना मी हात लावणार नाही." वृषालीनं त्याला आणखी दही वाढलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "हे लिहून घे." ती म्हणाली, "जेवायला आलेल्या माणसाकडून लिहून घेऊ?"

त्याच उन्हाळ्यात, त्याहून लहान अशा तिसऱ्या एका कॉन्फरन्समधली दोन कॉलेजं गुपचूप वृषालीकडे आली. आम्हाला घ्या म्हणाली. चांगली कॉलेजं होती, जवळची होती. तिचा डेप्युटी केव्हिन नाचायचाच बाकी होता. त्याला तिनंच इंटर्नपासून वर आणलेलं. तो म्हणाला, आज सही करू, उद्या जाहीर करू, आपण दहाचे बारा झालो की आपल्याला फोडायला कोणी धजावणार नाही. वृषाली म्हणाली, आधी त्यांच्या कमिशनरला फोन करते. केव्हिन तिच्याकडे बघतच राहिला... हे तिनंच मला सांगितलं. तिनं फोन केला. तुमची दोन कॉलेजं आमच्याकडे आलीत, तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मी सांगतेय, म्हणाली. त्या गृहस्थानं मनापासून आभार मानले आणि त्याच आठवड्यात त्या दोन्ही कॉलेजांना नव्या करारात असं जखडून टाकलं की त्यांना हलता येईना. केव्हिन तिला म्हणाला, "तुम्ही फक्त दोन कॉलेजं नाही, आपलं भविष्य गमावलंत." त्यावर ती काय म्हणाली असं मी विचारलं, तर म्हणाली, "काही नाही. त्याचं वाक्य चांगलं होतं."

महिन्याभरानं आमच्याकडे मंगळागौर होती. वृषाली मुलींना फुगडी घालायला लावत होती, स्वतः घामाघूम झाली होती. तिचा फोन वाजला. कोणा वार्ताहराचा टेक्स्ट होता. तुमची तीन कॉलेजं ग्रेगच्या कॉन्फरन्समध्ये जात आहेत, प्रतिक्रिया द्याल का? ती जिन्याच्या पायरीवर बसली. आठवड्यापूर्वीच्या व्हिडिओ कॉलवर दहाच्या दहा प्रेसिडेंटनी एकजूट राहायला हात वर केले होते. तिथूनच तिनं ग्रेगला फोन लावला. त्याचा आवाज मला ऐकू येत होता. "व्ही, हे पर्सनल नाही. माझे प्रेसिडेंट माझ्या मानेवर बसलेत. मी नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं." ती एवढंच म्हणाली, "फोन तरी करायचास, ग्रेग." मग आत गेली, तोंड धुतलं, आणि आरतीला उभी राहिली.

उरलेल्या सात प्रेसिडेंटनी आधी तिच्यावर विश्वास असल्याचं पत्रक काढलं. नंतर पंधरवड्यात तिला व्हिडिओ कॉलवर बोलावून राजीनामा मागितला. कॉलवर त्यांच्यातल्या दोघांचे कॅमेरे बंद होते. आता 'वेगळ्या प्रकारच्या नेतृत्वाची' गरज आहे, म्हणाले. केव्हिन कमिशनर झाला. त्यानं कोणाला फोन केला नाही, कुठल्या लाँड्रीत गेला नाही. वर्षाच्या आत चार राज्यं ओलांडून पाच नवी कॉलेजं आणली, टीव्हीचा करार वाचवला. प्रवासाचा बोजा वाढला म्हणून दोन कॉलेजांनी मुलींचा पोहण्याचा संघ बंद केला. त्या मुलींना ईमेलनं कळवलं. पण कॉन्फरन्स टिकली. मला हे लिहिताना जड जातंय, पण टिकली. वृषाली खुर्चीवर राहिली असती तर बहुधा कॉन्फरन्सच संपली असती, आणि त्या दोन संघांबरोबर आणखी चाळीस संघ संपले असते. तिच्या भल्या वागण्याचं शेवटी भलं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही.

ते तिलाही कळत होतं. गेल्या ऑक्टोबरात आम्ही नदीकाठी फिरायला गेलो होतो. पानं गळाली होती, सायकलवाले घंटा वाजवत जात होते. ती मधेच थांबली आणि म्हणाली, "अनघा, खरं सांग. मी चुकले का गं?" इतक्या वर्षांत तिनं मला असं कधी विचारलं नव्हतं. मी एचआरवाली. खरं सांग म्हटलं की मला खरं सांगायची हौस. मी म्हटलं, "हो. चुकलीस. ती दोन कॉलेजं आधी घ्यायची होतीस आणि फोन नंतर करायचा होतास. तुझ्या सज्जनपणाचा भुर्दंड त्या पोहणाऱ्या पोरींनी भरला." ती पुढे चालायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "खो-खोत एकदा एका बाजूला धावलं की खांबापर्यंत वळता येत नाही. मला तोच खेळ येतो." पुढे मी काहीतरी बोलले, ती काहीतरी बोलली. दिवाळीला फराळाचा डबा सुहासच्या हाती आला, ती आली नाही. मी माफी मागायला हवी होती का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी जे बोलले ते खरंच होतं. पण तिनं विचारलं ते काही एचआरवालीचा अभिप्राय मागायला नव्हतं, एवढं कळायला मला तिचं मरण पाहावं लागलं.

शोकसभेला ग्रेग आला. काळा सूट, डोळे खरोखर ओले. बोलला, आणि चांगलं बोलला. आपल्या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक व्यक्ती, मला नेतृत्व म्हणजे काय ते तिनं शिकवलं, असं. केव्हिन मागच्या रांगेत मान हलवत होता. सात प्रेसिडेंटपैकी एक आले होते, बाकीच्यांनी फुलं पाठवली होती. सभा संपल्यावर ग्रेगनं वृषालीच्या मुलीपुढे, ईशापुढे, हात केला. ईशा इथेच जन्मली, मराठी समजतं पण उत्तरं इंग्रजीत देते. त्या दिवशी तिनं हात खाली ठेवून, स्वच्छ मराठीत म्हटलं, "तुम्ही आमच्याकडे जेवला होतात." ग्रेगला शब्द कळले नाहीत. त्यानं मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, "थँक्यू म्हणतेय." का तसं सांगितलं, कोण जाणे... कदाचित त्याला ते समजावून सांगणं म्हणजे त्याला नको तेवढा मान देणं झालं असतं.

मागच्या शनिवारी सुहासनं बोलावलं. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ड्राइव्ह करता येत नाही. वृषालीची गाडी विकायला डीलरकडे न्यायची होती. किल्ली देताना तो म्हणाला, "अजून धावली असती. पण गेल्या वर्षी फार पळवली तिनं." कुठे, मी विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं. ज्या पोहणाऱ्या मुलींचे संघ बंद झाले, त्यांना वृषाली एकेकीला जाऊन भेटत होती. कोणासाठी दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी बोलायची, कोणाचे नुसते फॉर्म भरून द्यायची. एकीनं दारातूनच परत पाठवलं होतं, तुमच्यामुळेच झालं हे, म्हणून. त्या दिवशी घरी येऊन ती गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहिली होती. मी म्हटलं, "मला बोलली नाही कधी." सुहास किल्लीच्या रिंगशी चाळा करत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला काय सांगणार होती ती? तू 'हो' म्हणाली होतीस ना."

मी गॅरेजमध्ये गेले. गाडीचं दार उघडून बसायला गेले तर गुडघे स्टीअरिंगला अडले. वृषाली माझ्यापेक्षा वीतभर बुटकी, सीट पार पुढे ओढून, अगदी काचेला नाक लावल्यासारखी चालवायची. पाठ टेकायची जागा तिच्या पाठीइतकीच दबलेली होती. मी तशीच अवघडून बसून राहिले, एक पाय आत, एक पाय बाहेर. सुहास दारात उभा होता. गाडी तशी चालवता येण्यासारखी नव्हती. मी सीटखाली हात घालून दांडी ओढली, आणि सीट मागे घेतली.