शाळा सुटायच्या वेळेला

उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात आम्ही सहा वर्षं भाड्यानं राहिलो. खाली शिवणकामाचा कारखाना, मध्ये घरमालकांचं सिंधी कुटुंब आणि वर आमच्या दोन खोल्या. आमची मुलगी तिथेच जन्मली आणि अर्धा दिवस खाली घरमालकांकडेच वाढली. दारात कोणी आलं की ती "अचो, अचो" म्हणायची, म्हणजे सिंधीत या, या. पोस्टमनला म्हणायची, मांजरालाही म्हणायची.

मग घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि वरच्या खोल्यांची त्यांना गरज पडली. काका स्वतः वर आले, चहा घेतला, दिवाळीपर्यंत बघा म्हणाले आणि सांगताना आमच्यापेक्षा तेच जास्त अवघडले. मुलीचंही पुढच्या वर्षी शाळेचं होतंच. तेव्हा आता काय ते एकदाच, चांगलं बघून ठरवायचं, असं माझ्या नवऱ्यानं जाहीर केलं. तिथून आमच्या घराची शांतता गेली.

माझा नवरा अंबरनाथला मोरिवलीच्या एका कारखान्यात क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. तयार माल मोजायचा आणि एक केसभर फरक पडला तरी परत पाठवायचा, हे त्याचं काम. ते तो मन लावून करतो, आणि घरी आल्यावरही थांबत नाही. त्यानं एक तक्ता केला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर असे तीन रकाने. शाळेला चाळीस गुण, येण्याजाण्याला तीस, पाण्याला वीस आणि उरलेले दहा "एकंदर वाटण्याला". मी त्याची भरपूर चेष्टा केली आणि मग माझं ऑफिस ठाण्याला असल्यामुळे येण्याजाण्याचे गुण हळूच पस्तीस करून घेतले. पाच गुण वाटण्यातून कापले.

घरं दाखवणाऱ्या एजंटांचे फार हाल झाले. "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं कोणी म्हणालं की नवरा मोबाइलवर घड्याळ लावून स्टेशनपासून चालायला लागायचा आणि एजंट बिचारा स्कूटर हातात धरून त्याच्या मागे. पाचाची सतरा मिनिटं निघाली की नवरा एजंटाला आकडा दाखवायचा, अगदी नम्रपणे. एक जण म्हणाला, "साहेब, तुम्ही हळू चालता." नवऱ्यानं परत चालून दाखवलं. चौदा मिनिटं आली. तो एजंट पुन्हा फोन उचलेना.

शाळाही बघितल्या. एका चकचकीत शाळेत मुलीला आत बोलावून बाईंनी इंग्रजीत नाव विचारलं. समोर नवीन माणूस बघून तिनं हसून "अचो" म्हटलं. बाई जरा मागे सरकल्या आणि मला म्हणाल्या, "सर्दी झालीय का हिला?" मी समजावून सांगायला लागले, पण सिंधी कॅम्प, घरमालक, खालचा मजला असं करता करता ते इतकं लांबलं, की शेवटी हो, थोडी झालीय, असं सांगून आम्ही बाहेर पडलो.

या सगळ्यात माझी थोरली नणंद होती. ती बदलापूरला बेलवलीत राहते आणि बदलापूर तिनं स्वतः बांधल्यासारखं बोलते. तिच्या गॅलरीतून डोंगर दिसतो. पाहुणा आला की आधी डोंगर, मग पाणी. ती म्हणाली, तक्ते कसले करता, आठ दिवस माझ्याकडे येऊन राहा, इथूनच कामावर जा, कळेल. नवऱ्याला ही कल्पना फारच आवडली. चाचणी घेतल्याशिवाय माल पास करायचा नाही, हा त्याचा धर्मच आहे.

तर मे महिन्यात आम्ही सगळे नणंदेकडे गेलो. सगळे म्हणजे आम्ही तिघं आणि माझ्या सासूबाई. त्या जुन्नरकडच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे आल्या, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. कमी बोलतात. घराच्या चर्चा चालायच्या तेव्हा त्या भाजी निवडत बसलेल्या असायच्या, आणि खरं सांगायचं तर त्या ऐकतायत का, हेही आम्ही कधी पाहिलं नाही.

आठवडा छान गेला. गाडी बदलापूरहूनच सुटते, त्यामुळे मला रोज खिडकी मिळाली. ठाण्यापर्यंत मी बसून, डुलक्या काढत गेले आणि त्या आठ दिवसांत मला लग्नाआधीसारखं वाटलं. नवऱ्याची मोटारसायकल पंचवीस मिनिटांत मोरिवलीला पोहोचायची. शाळाही बघून ठेवली, तिथल्या बाई प्रेमळ होत्या. संध्याकाळी डोंगर असायचाच. शनिवारी तक्त्यात बदलापूरला ब्याऐंशी पडले, आणि नणंद गुण वाचून गालातल्या गालात हसली.

एकच गोष्ट जरा वेगळी घडली होती. गुरुवारी मी लवकर सुटून दुपारी घरी आले तर सासूबाई घरात नव्हत्या. देवळात गेल्यात, नणंद म्हणाली, हल्ली रोजच जातात. चारला त्या आल्या. चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. देऊळ तर गल्लीच्या तोंडाशी.

रविवारी जेवताना नवऱ्यानं निकाल जाहीर केला. बेलवली. नणंदेनं लगेच शेजारच्या बिल्डिंगमधल्या रिकाम्या फ्लॅटचं सांगायला घेतलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पोरीला शाळंत सोडणार कोण?"

"तुम्हीच की आई," मी म्हणाले.

"आन् आणणार?"

नवऱ्यानं तक्ता पुढे ओढला. आम्ही दोघं सातला बाहेर पडणार आणि संध्याकाळी सातला येणार, हे तक्त्यात होतं. मधले बारा तास कोणाचे, हे कुठेच नव्हतं. शंभर गुणांत सासूबाईंना एकही गुण ठेवलेला नव्हता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पूर्ण आठवडा त्या देवळात गेल्याच नव्हत्या. आम्ही बघितलेल्या दोन्ही शाळा उन्हाळ्याच्या शिबिरासाठी चालू आहेत हे त्यांनी आमच्या बोलण्यातूनच ऐकून ठेवलं होतं, तशाच आणखी एक-दोन शाळा रिक्षावाल्यांना विचारून शोधून काढल्या, आणि रोज शेअर रिक्षानं शाळा सुटायच्या वेळेला एकेका फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. अंबरनाथपर्यंत गेल्या. भरताना सगळ्या शाळा सारख्याच दिसतात, पोरं रडतात आणि आया पळतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या सुटताना गेल्या.

बदलापूरची शाळा त्यांना चांगलीच वाटली. पण घरापासून दोन रिक्षा, मध्ये पूल, आणि त्यांचा गुडघा. हायवेच्या बाजूच्या एका मोठ्या शाळेच्या फाटकाशी त्या अर्धा तास उभ्या होत्या आणि कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. आणि अंबरनाथला बुवापाड्यात एक छोटीशी, जुनी मराठी शाळा. रंग उडालेला, फाटकाशी एक मावशी.

"तिनं मला हाकललं," सासूबाई म्हणाल्या. "कोणाची आजी, पोराचं नाव सांग, म्हणाली. म्हटलं, माझं इथं कोणी नाही. तर म्हणाली, मग फाटकाला टेकू नका, त्या झाडाखाली बसा. वर पाणी आणून दिलं. मला ती शाळा आवडली."

नणंद म्हणाली, आई, पण तिथे डोंगर दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, जुन्नरला लई बघितले.

ऐकलेल्यावर विश्वास ठेवेल तर तो माझा नवरा कसला. सोमवारी त्यानं अर्धी सुट्टी टाकली आणि एकटाच बुवापाड्यात गेला. शाळा सुटताना फाटकासमोर उभा राहिला आणि मुलं किती मिनिटांत बाहेर पडतात ते बघायला मोबाइल समोर धरून घड्याळ लावलं. मावशींना वाटलं, हा माणूस मुलांचे फोटो काढतोय. त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं. तिथे पाऊण तास. आधी त्यानं कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, मग तक्ता दाखवला. तक्ता पाहून मुख्याध्यापकांचा संशय आणखी वाढला. शेवटी त्यानं मला ऑफिसात फोन लावून मुख्याध्यापकांच्या हातात दिला आणि मी कबूल केलं, की हो, हा माझाच नवरा, आणि तो असाच आहे.

घरी आला तेव्हा मला वाटलं, रागावलेला असेल. पण चेहरा उजळलेला. "मनगट सोडलंच नाही गं तिनं," तो मला दोनदा म्हणाला.

आम्ही बुवापाड्यात घर घेतलं. शाळेपासून सासूबाईंच्या चालीनं सहा मिनिटं, हे मोजलेलं आहे. खिडकी उघडली की शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी आत येते. गाडीत खिडकी मला आता क्वचितच मिळते, अंबरनाथला येईपर्यंत बदलापूरकर ऐसपैस बसलेले असतात. त्यांच्यात नणंदही असते कधी कधी, आणि मला उभी पाहून तिला होणारा आनंद ती अजिबात लपवत नाही. दोन महिने ती रुसली होती, तिसऱ्या महिन्यात पुरणपोळ्या घेऊन आली.

मुलगी पहिले पंधरा दिवस रडली. एकदा तर डबा रस्त्यात टाकून परत आली. आता दुसरीत आहे आणि रविवारी शाळा का नसते असं विचारते. पालकसभा नेमकी कामाच्या दिवशी असते, म्हणून सासूबाई जातात. संध्याकाळी आम्ही दोघं हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसतो आणि त्या सभेत काय झालं ते सांगतात. गेल्या खेपेला म्हणाल्या, "पोरगी चांगली आहे. आईबापांनी जरा लवकर घरी येत जावं, असं बाई म्हणत व्हत्या."

बाई खरंच तसं म्हणाल्या होत्या का, हे शाळेत जाऊन विचारायची आमची दोघांचीही अजून छाती झालेली नाही.