डोमनलालने भरलेल्या चुड्या

माझे आजोबा डोमनलाल चिचगडात माझ्या आजीचे, गिरजाबाईचे नवरे होते आणि गोंदियात तिचे गाडीवाले. माणूस एकच, बैलजोडीही तीच. मध्ये फक्त जंगलातला लांबलचक रस्ता होता आणि त्या रस्त्यावर कुठेतरी ते नवऱ्याचे गाडीवाले होत. हे सांगताना मला लाज वाटते. आमच्या घरात हा विषय कुणी काढत नाही. मामा जिवंत होता तोवर तर त्याने तो निघूच दिला नाही. पण अशी गोष्ट झाकून ठेवली की ज्याला शरम वाटायला हवी तो सुखाने जेवतो आणि ज्याचा काही दोष नव्हता तो विसरला जातो. म्हणून सांगते.

आजीचं पहिलं लग्न आजोबांच्या थोरल्या भावाशी झालं होतं. त्याचं नाव परसराम. त्याला जनावरांचं वेड होतं. जर्मनीच्या लढाईत सरकारला खेचरं हाकणारी माणसं हवी होती. जमीनदाराचा माणूस गावोगाव फिरत आमच्याकडे आला आणि परसराम त्याच्या मागे निघून गेला. दूर इराकात, बसऱ्याला तापाने त्याचा शेवट झाला. पलटणीच्या लेखी मात्र तो लढाईत पडलेलाच होता. पाटलाने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझा मामा ईश्वरदास भिंतीला धरून चालायला शिकत होता.

आमच्या जातीत विधवेला वाऱ्यावर सोडत नाहीत. धाकटा दीर असला आणि दोघांचं मन असलं, तर दीर तिच्या हातात चुड्या भरतो. झालं लग्न. त्याला हळद नाही, वाजंत्री नाही. परसरामचं वर्षश्राद्ध झाल्यावर डोमनलालने बाजारातून हिरव्या काचेच्या चुड्या आणल्या आणि चार पंचांसमोर वहिनीच्या हातात चढवल्या. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या तोंडून 'वयनी'च निघायचं आणि विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आजोबाही हसायचे. मग चमेली झाली, म्हणजे माझी आई, आणि तेव्हा कुठे ती वयनी सुटली.

चुड्या भरल्या तशी आजीची पेन्शन बंद झाली. दुसरा नवरा केला, आता ती शिपायाची बायको राहिली नाही, असं तिला सांगण्यात आलं. आजीने कुरकुर केली नाही. पुढचा सगळा घोळ मात्र याच एका गोष्टीतून झाला.

ईश्वरदास अभ्यासात हुशार निघाला. चिचगडच्या शाळेत तो जेवढं शिकण्यासारखं होतं तेवढं शिकला आणि पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा गुरुजी स्वतः घरी आले. लढाईत गेलेल्या शिपायाच्या पोराला गोंदियाच्या इंग्रजी शाळेत फी माफ आहे आणि राहण्या-जेवण्याचीही सोय होते, असं त्यांनी सांगितलं. दरवर्षी थंडीत शाळेचं संमेलन भरतं, तिथे शिपायांच्या घरच्यांचा मान होतो, तेवढ्यासाठी आईला यावं लागतं. गुरुजी चहा न पिताच गेले.

आजीला एकच भीती होती. पेन्शन गेली तशी ही शाळाही जाईल. आजोबांनाही तीच भीती होती आणि तोड त्यांनीच काढली.

"तुजी पेन्शन माज्या चुड्यायनं गेली," ते म्हणाले. "पोराची शाळा नाही जाऊ द्याची. तिथं जाताना चुड्या उतरव."

शाळेत कुणाला तरी विचारावं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. विचारलं तर कळेल, कळलं तर जाईल, असा हिशेब होता. मला अजूनही या दोघांचा राग येतो. एवढी अक्कल लढवण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण पेन्शन बंद झालेल्या बाईला सरकारच्या दारात प्रश्न विचारायचा धीर कुठून यावा, हेही मला समजतं.

निघायच्या सकाळी आजोबांनी आजीच्या हाताला मोहाच्या बियांचं तेल चोळलं आणि एकेक चुडी हळूच काढली. आमच्याकडे चुडी फुटली असंही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. इतका तो शब्दसुद्धा जपतात. इथे धडधाकट नवरा आपल्या हाताने बायकोच्या चुड्या काढत होता. त्यांनी त्या फडक्यात बांधल्या आणि धान साठवायच्या ढोलीत खोल खुपसून ठेवल्या. आजीने कुंकू पुसलं. चमेली दारात उभी राहून बघत होती. ती पाच-सहा वर्षांची असेल.

"बा मेला का?" तिने विचारलं.

आजोबा मोठ्याने हसले. म्हणाले, मी तं गोंदियाले चाललो. आजी मात्र त्या दिवशी वाटेतल्या मुक्कामावर जेवली नाही.

वाटेत आजोबांनी ईश्वरदासला पढवलं. शाळेत मला काका म्हणायचं नाही. काका म्हटलं की लोक विचारतील, मग काकी कोण? कुणी विचारलंच तर सांगायचं, गाडीवाला आहे. शाळेच्या फाटकाशी चिचेचं मोठं झाड होतं. तिथे गाडी सोडली तेव्हा शाळेच्या शिपायाने विचारलंच, हा कोण? पोराने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. "गाडीवाला," तो म्हणाला आणि त्याचा आवाज कापला. पुढच्या वर्षीही थोडा कापला. त्यानंतर नाही कापला.

हेडमास्तर केशोराव चांगले गृहस्थ होते. त्यांच्यावर मी कधी रागावू शकले नाही. संमेलनात त्यांनी आजीला पुढे बोलावलं, मुलांना तिचे उघडे हात दाखवले आणि म्हणाले, या माउलीने पतीमागे सगळा साजशृंगार सोडला, एवढ्या दूर जंगलातून मुलाला शिकायला आणलं, हिला नमस्कार करा. सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं आजीला झालं. फाटकाबाहेर तिचा नवरा बैलांना पाणी पाजत होता. परतताना त्याने विचारलं, टाळ्या कायच्या होत्या? ती म्हणाली, पोराच्या.

असं दरवर्षी होत राहिलं. थंडी पडू लागली की आजी अबोल व्हायची. तेल, फडकं, ढोली, मग तो रस्ता. गोंदियात शिरल्यावर आजोबा पुन्हा तिला 'वयनी' म्हणायचे, तेही चार हात दूर उभे राहून. परत आल्यावर पुन्हा चुड्या चढवायच्या. आजी आईला सांगायची, चढवताना त्रास होत नाही बाई, हात पुढे करताना होतो. तुझ्या बाच्या डोळ्यांकडे बघवत नाही.

ईश्वरदासच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी संमेलनात शामकला नावाची एक नवी बाई आली होती. देवरीकडची, तिचाही नवरा त्याच लढाईत गेलेला, पोर उशिरा या शाळेत आलेलं. तिच्या हातात कोपरापर्यंत चुड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं आणि शेजारी बाकावर तिचा दुसरा नवरा पान चघळत बसला होता. आजीला वाटलं, आता हिचं पोर शाळेतून जाणार. पण केशोरावांनी तिचंही नाव पुकारलं, तिचाही मान झाला, नवऱ्याला पुढच्या रांगेत बसवलं.

कार्यक्रम संपल्यावर आजीने धीर करून केशोरावांना विचारलं, या बाईने पाट लावला तरी पोराची फी माफ कशी? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. म्हणाले, ही सवलत पोराची आहे बाई. त्याचा बाप लढाईत गेला, ते काही बदलत नाही. आईने पुढे संसार केला तर शाळेला काय त्याचं?

आजीने फाटकाकडे पाहिलं. तिला तेव्हाच सांगायचं होतं, तिने तोंड उघडलंही होतं. केशोरावांनी तिची नजर पाहिली आणि सहज विचारलं, ते बाहेर दरवर्षी थांबतात ते कोण? ईश्वरदास आईच्या शेजारीच उभा होता. हेडमास्तरांचं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं, हे त्यालाही कळलं होतं.

"गाडीवाला आहे आमचा," तो म्हणाला.

आणि आजी गप्प राहिली. पोराचा पाणउतारा होईल म्हणून गप्प राहिली, असं ती पुढे म्हणायची. पण ते खरं नाही हे तिलाही ठाऊक होतं. एवढी वर्षं टाळ्या घेतलेल्या बाईला त्या माणसांसमोर खोटी ठरायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिने आजोबांना शामकलाबद्दल सांगितलं.

"म्हंजे फुकटच उतरवत होतो?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, असू दे, पोरगं तं शिकलं.

पोरगं काय म्हणालं ते आजीने सांगितलं नाही. फाटकापर्यंत ते ऐकू गेलं होतं की नाही, कुणाला माहीत नाही. मात्र त्यानंतर आजोबा गोंदियाला कधी गेले नाहीत. ढोलीतल्या चुड्या चढवून झाल्यावर त्यांनी ते फडकं चुलीत टाकलं.

ईश्वरदास त्याच शाळेत मास्तर झाला. दिवाळीला घरी येई, काकाच्या पाया पडे, धोतरजोडी आणे. वागण्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त त्याच्या गोंदियाच्या बिऱ्हाडी आजोबांना त्याने कधी बोलावलं नाही आणि आजोबांनीही कधी तो विषय काढला नाही. दुसरी मोठी लढाई लागली, पुन्हा गावागावांतून माणसं गेली, पुन्हा शिपायांची पोरं त्या शाळेत येऊ लागली. त्याच काळात एका कार्तिकात आजोबा तापाने गेले. आजीच्या चुड्या या वेळी ढोलीत गेल्या नाहीत. बायकांनी त्या वाढवल्या. ईश्वरदास धावत आला, त्याने अग्नी दिला, डोकं भादरलं, सगळं रीतसर केलं.

त्याच थंडीत केशोरावांचं शेवटचं संमेलन होतं. ते निवृत्त होणार होते. शिपायाचा पोर शिकून त्याच शाळेत मास्तर झाला याचं त्यांना अप्रूप होतं, म्हणून त्यांनी ईश्वरदासच्या आईला मुद्दाम बोलावलं. सुतकातून नुकतंच उठलेलं घर, ती येणार नाही असं मामाला वाटलं होतं. ती आली. गाडी माझ्या वडिलांनी हाकली. आई सोबत होती, म्हणून हे सगळं मला ठाऊक आहे.

केशोराव बोलायला उभे राहिले. ईश्वरदास मास्तरांचे एक चुलते परवाच वारले, म्हणाले, घरात असं दुःख असूनही या माउली आल्या.

चुलते. खोटं तर नव्हतंच. लोकांनी त्याचं भादरलेलं डोकं बघून विचारलं असेल आणि मामाने एवढंच सांगितलं असेल. आजीने मास्तरांच्या रांगेत टोपी घालून बसलेल्या मुलाकडे पाहिलं आणि कुणी न बोलावता ती उठून पुढे गेली.

"मी ह्या शाळंत दरसाल उघडे हात घेऊन आली," ती म्हणाली. "तुमी मुलायले ते दाखवत होते. ते खोटं होतं, गुरुजी. चुड्या मी ढोलीत ठेवून येत होती. ज्यानं त्या भरल्या तो त्या चिचेखाली बैल धरून बसे. तो गाडीवाला नोहोय. तो माजा नवरा होता, अन् ह्या मास्तराले त्यानंच लहानाचा मोठा केला. तो मेला. आज हे हात खरे उघडे आहेत. दाखवायचे असतील तं आज दाखवा."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. केशोरावांनी मान खाली घातली. आजी तशीच चालत फाटकाबाहेर आली आणि चिचेखाली उभी राहिली. माझे वडील बैल जुंपत होते.

थोड्या वेळाने मामा आला. टोपी त्याच्या हातात होती आणि भादरलेलं डोकं उन्हात सगळ्या शाळेला दिसत होतं. तो आईच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नव्हता. गाडीच्या जुवाला हात लावून तो म्हणाला, "आई, आज मी गाडी हाकतो. घरापर्यंत."

आजीने त्याच्याकडे पाहिलं. "तुले हाकता येते का?" तिने विचारलं.

त्याला येत नव्हतं. आजोबांनी त्याला कासरा कधी धरूच दिला नव्हता. पोराने अभ्यास करावा म्हणून.