तोच गेम, पुन्हा विकत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा अमरावतीला माझ्याकडे राहिले, तेव्हा त्यांचं मन रमावं म्हणून मी टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर रेल्वे चालवण्याचा एक गेम विकत घेतला. बाबांनी सगळी नोकरी बडनेऱ्याहून खऱ्या गाड्या चालवण्यात काढलेली. आधी ते हसले, मग रोज दुपारी कंट्रोलर हातात घेऊन बसू लागले.

पुढे मी त्यांना अकोल्याला बहिणीकडे सोडायला गेले. तिच्या लॅपटॉपवर माझ्याच खात्यातून तोच गेम उघडला, तर पडद्यावर आलं, 'विकत घ्या'. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की कन्सोलवरची खरेदी लॅपटॉपवर चालत नाही. मी ते तीनदा वाचलं. गेम तोच, खातं तेच, घेणारीही मीच!

बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले,

"इंजन बदललं म्हून गाडीत बसलेल्या मानसाले पुन्हा तिकीट काढा लागते काय?"

पण 'अटी मान्य' हे बटण न वाचता मीच तर दाबलं होतं.

पुढच्या रविवारी कन्सोल पिशवीत घालून मी अकोल्याची बस धरली. तो पाहून बाबा म्हणाले, "आनला खरा, पन मंग तू काय खेळशीन?"

अमरावतीत ते व्यायामाला गेले की मीही गेममधली गाडी चालवून पाहायचे. हे त्यांना ठाऊक असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.