फुईचा हात धरून नदीवर

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची गोष्ट. मी लग्न होऊन तापीकाठच्या गावात आले आणि दुसऱ्याच पावसाळ्यात तापाने सासूबाई गेल्या. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणत. कपाशीच्या शेतातून दिवसभर फिरणारा तो माणूस तेराव्यानंतर ओसरीतल्या खाटेवर आडवा झाला, तो उठेचना. शेत माझ्या नवऱ्यावर पडलं. दादा उन्हं वर आल्यावर डोळे उघडत, दुपारभर झोपत आणि दिवे लागले की भजी मागत. तळोद्याहून आणलेली चहाची पुडी आठवड्यात संपे. होळीपर्यंत पावलांवर सूज आली. दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायची. तळोद्याच्या वैद्याने पुड्या दिल्या आणि म्हणाला, “आधी अंथरूण सोडा.” पण हे त्यांना कोण सांगणार? नवरा त्यांच्यापुढे मान वर करत नसे आणि मी तर पदराआडून पाण्याचा तांब्या ठेवणारी सून.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण आली. तिला सगळे फुई, म्हणजे आत्या, म्हणत. विधवा, अंगाने काटक, पाठ ताठ. बैलगाडीतून उतरली, बोचकं माझ्या हातात दिलं आणि खाटेपाशी जाऊन बसली. भावाला ‘ऊठ’ म्हणाली नाही, की त्याच्या पायांकडे पाहिलं नाही. रडलीही नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधीच तिचा आवाज आला.

“भाऊ, माले आते धड दिसत नही. नदीवर कोन लई जाई माले?”

“वहू येई ना संगे.”

“वहू जातावर दयन करी का माले धरी फिरी? तूच चाल.”

“मन्हा पाय सुजेल शेतस.”

“मंग हयूहयू चाल. माले कोठे घाई शे?”

दादा कुरकुरत उठले. बहिणीचा हात धरून गल्लीतून निघाले. मी दारातून पाहत होते. आंधळीला नेणारा माणूसच दर चार घरांमागे थांबत होता, आणि ती त्याचं थांबणं संपेपर्यंत गुमान उभी राहत होती. परत आले तेव्हा दोघांचे कपडे ओले होते. दादांनी त्या दिवशी चहा मागितला नाही. भाकर मागितली.

मग रोजचंच झालं. नदीवर जायचं, अंघोळ करायची, वाळूत उन्हाला बसायचं. पाणी खाली गेलेल्या त्या वाळवंटात भोई लोक टरबुजांच्या वाड्या लावत. दादा त्यांच्याशी बोलत बसू लागले आणि हळूहळू त्यांच्या वेलांना पाणीही घालू लागले. घरी आल्यावर ज्वारीची भाकर, पातळ उडदाची डाळ, कधी अंबाडीची भाजी, कधी नुसता ठेचा. फुई त्यांच्या समोर बसे. त्यांचा हात पुन्हा टोपलीकडे गेला की विचारी, “आखो एक खावाई जाई आसं वाटस ना?”

“हाव.”

“मंग आते ऊठ.”

दादा चिडत, पण उठत. संध्याकाळचं जेवण तिने दिवेलागणीच्या आधीवर आणलं. जेवल्यावर भाऊबहीण ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची विचारपूस करत. बहुतेकदा माझी भांडी घासून व्हायच्या आत दादा झोपलेले असत.

आषाढात नदी फुगली. काठावर चिखल, पाय ठरेना. नदीवर जाणं बंद झालं आणि दादा परत खाटेला लागले. फुईने दोन-तीन दिवस जाऊ दिले. मग एका पहाटे जात्यावर बसून तिने हाक मारली.

“भाऊ, मन्हा खांदा दुखस. जाताले हात लाव.”

“बाईमानूसनं काम शे ते.”

“माय दये तवय तू तिन्ही मांडीवर झोपे. तवय बाईमानूसनं नही वाटनं?”

मी भिंतीआड चूल पेटवत होते. मग खाट करकरली आणि जात्याची घरघर सुरू झाली. फुईने गाणं धरलं. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, त्याचं गाणं. सासूबाई ते रोज पहाटे म्हणत. दादांनी इतकी वर्षं खाटेवरून ते ऐकलं असणार. दुसऱ्या कडव्यावर जातं थांबलं, आणि त्यांच्या रडण्याचा आवाज आला. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच. थोड्या वेळाने तिने पुन्हा खुंटा फिरवला, पुन्हा गाणं धरलं. पीठ पडायला लागलं.

गावात बोभाटा झालाच. शेजारचे एक गृहस्थ मुद्दाम सकाळी डोकावले. “काय भो, बायकानं काम करी ऱ्हायना?”

“हाव. भाकर मीच खास ना?” दादा म्हणाले आणि दळत राहिले.

पाऊस उघडेपर्यंत सूज उतरली होती. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी मी अंगणात गेले, तर फुई उन्हात बसून गोधडी शिवत होती. तिने सुईत दोरा ओवला, पहिल्याच झटक्यात. मी पाहिलं हे तिच्या ध्यानात आलं. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “भाऊले नको सांगजो.”

मी सांगितलं नाही. तीही परत गेली नाही, आमच्याकडेच राहिली. पुढे लढाईच्या काळात रॉकेल मिळेना, तेव्हा सारं गाव दिवसाउजेडी जेवायला लागलं. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्याच सुमारास फुई एका सकाळी नदीवरून आली, पडवीत टेकली आणि गेली. तोवर माझी दोन मुलं झाली होती, पदर थोडा मागे सरला होता. तिचे दिवस झाल्यावर दादा आपणहून माझ्याशी बोलले. “तिले दिसे. माले माहीत व्हतं. पन हात सोडाना जीव नही व्हये.”

त्यानंतर ते एकटे नदीवर जात.

एका मार्गशीर्षात आम्ही सारंगखेड्याच्या जत्रेला गेलो. दादा नातवाला खांद्यावर घेऊन गाडीच्या पुढे चालले होते. घोड्यांच्या बाजारात एक मारवाडी व्यापारी जनावरांचे ओठ वर करून दातांवरून गिऱ्हाइकांना वय सांगत होता. दादा तिथे रेंगाळले, तसा तो हसून म्हणाला, “और बाबा, आपकी उमर?”

“माले काय माहीत? तूच दखी ले,” म्हणत दादांनी त्याच्यासमोर तोंड उघडलं.

व्यापाऱ्याने खरंच वाकून पाहिलं. मग घोड्याचा लगाम दादांच्या हातात दिला आणि म्हणाला, “दाँत तो जवान हैं, बाबा. एक चक्कर मारकर आइए.” नातू खांद्यावरून आनंदाने ओरडायला लागला. दादांनी त्याला माझ्याकडे दिलं, धोतर खोचलं आणि रिकिबीत पाय घातला.